काही न करायचं तळं

बेबीला बेबी म्हणणारी माणसं आता फक्त मावशीच्या गल्लीत उरली होती. ऑफिसात ती मॅडम. केसांत पांढरं दिसायला लागलेलं, नावाआधी डॉक्टर लागलेलं, तेही औषधाचं नव्हे, पाण्याचं. पण गल्लीच्या तोंडाशी ऑफिसची जीप थांबली रे थांबली, की लॉन्ड्रीवाला इस्त्री उभी करून ‘बेबी आली’ म्हणून आत वर्दी द्यायचा, शिंपीणकाकू मशीनवरून मान बाहेर काढायच्या आणि जीपचा चालक गालातल्या गालात हसायचा. बेबीने त्याला एकदा दटावलंही होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

ती जिथे नोकरी करायची ती एक सल्ला देणारी संस्था होती. पाण्याचं, मातीचं, कचऱ्याचं काय करावं हे ज्यांना ठरवायचं असतं, त्यांच्यासाठी ही माणसं अभ्यास करायची आणि काय ते सांगायची. आता सल्ला ही चीज कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. मागणारे ढीगभर, ऐकणारे चिमूटभर. त्यातून सरकारी कचेरीला सल्ला द्यायचा म्हणजे आधी तो खरा आहे हे सिद्ध करा, मग ऐकायचा की नाही ते बघू, असा मामला.

नगरपालिकेला शहरातली तळी सुधारायची होती. तळी पुष्कळ, आणि एकजात सगळी शेवाळाने हिरवीगार, काठाने नाक दाबून जावं अशी. नगरपालिकेच्या इंजिनियरचा उपाय सरळ होता. काठ आणि तळ सिमेंटने बांधून काढा, मधोमध कारंजं बसवा. असं एक तळं त्यांनी कचेरीसमोर करूनही दाखवलं होतं. फोटोत ते फार देखणं दिसायचं. प्रत्यक्षात बेडूक गेले, मासे गेले, पाणी उन्हात तापून त्याला वास सुटला, आणि कारंजं फक्त वरचे साहेब यायचे असले की उडायचं. बेबीचा उपाय तसा दिसायला काहीच नव्हता. धुण्याभांड्याचं साबणाचं पाणी तळ्यात सोडायचं नाही, प्रत्येक घराच्या मागे खडी-वाळूचा शोषखड्डा खणून त्यात जिरवायचं. काठाला पाणकणीस, म्हणजे पाण्यातलं उंच गवत, लावायचं. आणि मग वाट बघायची. शेवाळ वाढतं ते साबणातल्या खतावर, ते खत तोडलं की शेवाळ उपाशी मरतं, असं तिचं म्हणणं.

म्हणणं कितीही बरोबर असलं तरी कचेरीत नुसतं म्हणून भागत नाही. मग असं ठरलं, की सारखीच दोन तळी घ्यायची. एक नंबरच्या तळ्यावर बेबीने सांगितलेलं सगळं करायचं. दोन नंबरच्या तळ्यावर काहीच करायचं नाही, ते होतं तसं राहू द्यायचं. तीन वर्षांनी दोघांत फरक दिसला, तर शहरातल्या सगळ्या तळ्यांना बेबीचा उपाय. नाही दिसला, तर सगळ्यांना सिमेंट, या दोन्हींसकट.

आणि हे दोन नंबरचं, काही न करायचं तळं निघालं मावशीच्या घरामागचं.

मावशी म्हणजे बेबीची आईच म्हणायची. आई लवकर गेली, मावशीने आणि काकांनी बेबीला उचलून आणलं, त्याच काठावर वाढवलं. बेबी पहिल्यांदा पाण्यात पडली ती त्या तळ्यात, आणि पहिला मार खाल्ला तोही त्या पडण्याबद्दल. तिने ऑफिसात आधीच सांगून टाकलं, की तिथे माझी माणसं राहतात. साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, म्हणाले की उलट बरंच झालं, तुम्हाला चहा तरी मिळेल. नियम एकच होता. दोन नंबरच्या काठावरच्या लोकांना कुणी काहीही शिकवायचं नाही. त्यांनी नेहमीसारखं राहायचं. बेबीने मान डोलावली, आणि तिने खरोखरच त्या गल्लीत कधी सभा घेतली नाही, कधी चित्रांचा फलक लावला नाही, कुणाला ‘साबण कमी वापरा’ म्हणून सांगितलं नाही.

एक नंबरवर मात्र तिच्या नाकी नऊ आले. तिथे सभा घेतल्या, घरोघर गेली, खड्डे खणून दाखवले. लोक मान हलवायचे आणि तिची पाठ फिरली की भांड्यांचं पाणी तळ्यात. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. एका आजोबांनी तर आपल्या शोषखड्ड्यात केळ लावली आणि पाणी सोडलं तळ्यातच, कारण साबणाने केळ मरेल. पण हळूहळू लोक वळले. पाणी निवळायला लागलं. दोरीला बांधलेली थाळीएवढी काळी-पांढरी चकती होडीतून पाण्यात सोडायची, आणि ती किती खोल जाईपर्यंत दिसते ते मोजायचं, अशी त्यांची रीत. जितकी खोल दिसेल तितकं पाणी नितळ. एक नंबरची चकती दिवसेंदिवस खोल दिसायला लागली. बेबीला आनंद झाला.

तो फार काळ टिकला नाही, कारण दोन नंबरची चकतीही खोल दिसायला लागली.

आधी तिला वाटलं, दोरी ताणली असेल. दोरी बदलली. मग वाटलं, ऊन जास्त असेल. ढगाळ दिवशी जाऊन बघितलं. होडीची जागा बदलली, चकती सोडणारा माणूस बदलला, बाटल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवल्या. उत्तर तेच. थोरल्याच्या मागे धाकट्याने यावं, तसं दोन नंबरचं तळं एक नंबरच्या मागोमाग निवळत चाललं होतं. जिथे काहीच केलं नाही तिथे हे होतंय कसं? साहेबांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, या वर्षी पाऊस चांगला झाला, त्याने धुऊन निघालं असेल. इंजिनियरने बैठकीत अगदी सभ्यपणे विचारलं, की पावसानेच जर तळी धुतली जात असतील, तर मॅडम, तुमच्या खड्ड्यांनी काय केलं?

बेबी चहात साखरेऐवजी मीठ घालायला लागली, आणि पिऊनही टाकायला लागली.

मोजणी झाली की मावशीकडे जेवण हे ठरलेलं होतं. त्या दिवशी पुढच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून बेबी हात धुवायला मागच्या अंगणात गेली. मोरीची नळी पूर्वी सरळ तळ्याकडे जायची. आता ती एका फरशीखाली शिरत होती. बेबीने वाकून फरशी सरकवली. आत खडी, खडीखाली वाळू, अगदी एक नंबरवर ती लोकांना करून दाखवायची तसंच, किंबहुना जरा जास्तच नेटकं. ती तशीच ओले हात घेऊन बसून राहिली. तेवढ्यात मागून मावशी आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “दिसलं का एकदाचं?”

मावशीचा चेहरा आनंदाने फुलला होता. मग सगळी कथा बाहेर आली. दर वेळी जेवताना मावशी विचारायची, तिकडे त्या दुसऱ्या तळ्यावर काय गं करता तुम्ही दिवसभर? आणि बेबी सांगायची. खड्डा कसा खणायचा, खडी किती, वाळू किती, लोक कसे ऐकत नाहीत. ते तर घरातलं बोलणं. घरातल्या बोलण्याला कुणी शिकवणं म्हणतं का? बेबीने तरी कुठे म्हटलं होतं. पण मावशीने ते काकांना सांगितलं, काकांनी मागे खड्डा खणला. शिंपीणकाकूंनी बघितलं, त्यांनी खणला. लॉन्ड्रीवाल्याचं पाणी सगळ्यांत जास्त, त्याने दोन खणले. एरवी कुंपणाच्या एका काठीवरून महिना महिना न बोलणारी ही गल्ली, पण या कामात एकदिलाने लागली. पाणकणीसही लावलं, पलीकडच्या काठाला, जुन्या गवतात बेमालूम मिसळेल असं.

आणि गुपचूप का? तर मावशीच्या डोक्याने घेतलं, की बेबीला हे आपल्याला सांगायची परवानगी नसावी. पोरीने आपली माणसं म्हणून सांगितलं. तिच्या साहेबाला कळलं तर तिच्या नोकरीवर यायचं. तेव्हा तोंडातून ब्र काढायचा नाही, तिला कळेल असंही काही करायचं नाही. आपण आपलं तळं स्वच्छ करायचं, म्हणजे तिच्या कामाला यश. गल्लीने हे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं.

बेबीला हसावं की रडावं ते कळेना. या माणसांनी जिवापाड मेहनत करून, तिच्यावरच्या मायेपोटी, तिचा सगळा अभ्यास पाण्यात घातला होता. रागवायचं तरी कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने मावशीला काहीही न बोलता जेवून घेतलं. मावशीने दोनदा विचारलं, आवडलं नाही का. ती म्हणाली, आवडलं.

साहेबांना तिने दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, साहेब खूश होतील. म्हणजे फरक का दिसत नाही ते कळलं ना! दोन्ही तळ्यांवर उपाय झाला, दोन्ही निवळली, म्हणजे उपाय लागू आहे. साहेब म्हणाले, की पण पाऊसही दोन्ही तळ्यांवर पडला. खड्ड्यांनी निवळलं की पावसाने, हे सांगायला काही न केलेलं तळं आता आपल्याकडे आहेच कुठे? ते बरोबर होतं. बेबीला स्वतःलाच तरी कुठे माहीत होतं? मनातून वाटणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं, हे ती एक नंबरवर लोकांना ऐकवत आली होती.

एकच वाट होती, आणि ती साहेबांनी काढली. आता कोरडे महिने लागतील, पावसाचा प्रश्न नाही. तेवढ्या काळात दोन नंबरच्या लोकांनी पुन्हा पूर्वीसारखं पाणी तळ्यात सोडायचं. ते हिरवं झालं आणि एक नंबर नितळ राहिलं, की मग कुणाला तोंड उघडायला जागा नाही. इंजिनियरलाही ते पटलं. त्यानेच खटपट करून नगरपालिकेचा निर्णय उन्हाळा संपेपर्यंत पुढे ढकलून घेतला. माणूस काही वाईट नव्हता. त्याला कागदावर ठेवायला ठोस काहीतरी हवं होतं, सिमेंट काय किंवा आकडे काय.

“एका तळ्याचा एक उन्हाळा,” साहेब म्हणाले. “बदल्यात शहरातली सगळी तळी. हिशोब करून बघा, मॅडम.”

बेबीने हिशोब केला. तो पुन्हा पुन्हा बरोबरच येत होता, तरी गल्लीकडे जाताना तिने तो आणखी एकदा केला.

मावशीच्या ओट्यावर सगळे जमले. काका नेहमीप्रमाणे तळ्याच्या बाजूला तोंड करून खुर्चीत. पाणी निवळल्यापासून एक खंड्या समोरच्या खुंटावर येऊन बसायचा, सूर मारून मासा उचलायचा, आणि काका दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायचे, जसा काही तो त्यांच्याच पगारावर होता. बेबीने सांगितलं, की उद्यापासून धुण्याचं, भांड्यांचं सगळं पाणी तळ्यात सोडा. पूर्वीसारखं.

लॉन्ड्रीवाल्याने विचारलं, की चांगलं झालंय म्हणून बिघडवायचं का? बेबीने समजावलं. पावसाचं सांगितलं, दोन तळ्यांचं सांगितलं, फरकाचं सांगितलं. सांगता सांगता तिचं तिलाच ते विचित्र ऐकू यायला लागलं. शेवटी शिंपीणकाकू म्हणाल्या, म्हणजे औषध लागू पडतं हे दाखवायला आपण परत आजारी पडायचं. बेबी म्हणाली, हो, तसंच काहीसं. काकांनी खंड्यावरची नजर काढली नाही. मावशी तिच्याकडे टक लावून बघत होती, लहानपणी ताप आल्यावर बघायची तशी. मग म्हणाली, “बरं. तू म्हणतेस तर तसं.”

पुढच्या मोजणीला बेबी आली तेव्हा नळ्या तळ्यात सोडलेल्या होत्या. लॉन्ड्रीवाला काठावर उभा राहून टब ओतत होता. काठाशी फेस दिसत होता. तिने तिकडे बघणं टाळलं आणि होडीत बसली. चकती सोडली. चकती होती तितकीच खोल दिसली. ती म्हणाली, अजून वेळ आहे, इतक्यात कसं दिसेल. त्याच्या पुढच्या खेपेलाही नळ्या तळ्यात, टब तळ्यात, फेस काठाशी, आणि चकती जिथल्या तिथे. ऊन तर मी म्हणत होतं. असल्या उन्हात साबणाच्या पाण्यावर शेवाळाने नुसता धुमाकूळ घालायला हवा होता.

आता मात्र बेबीच्या पायाखालची जमीन सरकली. पाऊस नाही, खड्डे बंद, साबण चालू, आणि तळं नितळ. म्हणजे साबणाचा आणि शेवाळाचा काही संबंधच नाही? म्हणजे इतकी वर्षं आपण लोकांना जे सांगत आलो ते थोतांड? एक नंबरवरच्या म्हाताऱ्यांना उन्हातान्हात खड्डे खणायला लावले ते कशासाठी? तिला आपलीच लाज वाटायला लागली. जुनी पुस्तकं काढून वाचली, तिथे तर सगळं तिच्याच बाजूने लिहिलेलं. मग तळ्याने पुस्तक वाचलेलं नाही की काय? साहेबांनी तिला हळू आवाजात सांगितलं, की आता लिहायला घ्या. फरक नाही म्हणून लिहायचं. तसं असेल तर तसं. इंजिनियरने काही टोमणा मारला नाही, उलट तिला पाणी आणून दिलं. त्याचंच तिला जास्त लागलं.

अहवाल लिहायला बसली आणि पहिल्या ओळीपुढे जाईना. सुट्टीचा दिवस होता. ती उठली, बस पकडली आणि मावशीकडे निघाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मावशीच्या मांडीवर डोकं ठेवावं एवढंच मनात होतं, आणि ते वय आता राहिलं नव्हतं.

जीप नव्हती, त्यामुळे वर्दीही नव्हती. लॉन्ड्रीचं दुकान अर्धं बंद. बेबी घराला वळसा घालून सरळ मागे गेली. लॉन्ड्रीवाला तळ्यात पाय सोडून आरामात बसला होता. त्याची नळी वेटोळं करून भिंतीला टांगलेली, कोरडी ठणठणीत. मावशीची मोरीची नळी फरशीखाली, खड्ड्यात. शिंपीणकाकूंचीही तीच गत. पाण्यात मासे दिसत होते, तळाचे दगड दिसत होते.

लॉन्ड्रीवाल्याची नजर तिच्यावर गेली आणि तो भूत बघितल्यासारखा उठला. ‘बेबी आली’ एवढं ओरडला आणि धावत जाऊन नळी काढायला लागला. ती सुटेना. शिंपीणकाकू बाहेर आल्या, तिला बघून आत पळाल्या, नळीचं तोंड हातात घेऊन पुन्हा बाहेर आल्या आणि आता हे कुठे लावायचं ते विसरल्या. एवढ्यात मावशी स्वयंपाकघरातून भरलेली बादली घेऊन आली, बेबीकडे न बघता थेट काठाशी गेली आणि मोठ्या निगुतीने पाणी तळ्यात ओतायला लागली. बेबीने जाऊन त्या धारेखाली हात धरला. नळाचं स्वच्छ पाणी होतं. साबणाचा लवलेश नाही.

“आणि तो फेस?” तिने विचारलं.

फेस तेवढा खरा होता. मोजणीच्या दिवशी लॉन्ड्रीवाला वाटीभर साबण काठाशी घुसळायचा, दिसण्यापुरता. जीप गेली की जाळीने काढून टाकायचा.

बेबी पायरीवर बसली. तिला राग आला होता, आणि त्या रागाखाली काहीतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, कारण साबण आणि शेवाळ यांचा संबंध होता तसाच होता, तिची पुस्तकं खोटी नव्हती. मावशी बादली ठेवून तिच्याजवळ बसली.

“तू मनापासून असं सांगशील का?” मावशी म्हणाली. “लहानपणापासून या पाण्यात कुणी थुंकलं तरी भांडायला जायचीस. ती तू येऊन सांगतेस, घाण सोडा. आम्हाला वाटलं, तुझ्यावर कुणीतरी जबरदस्ती केलीय. तुला तसं म्हणणं भाग आहे. मग ठरवलं, तुझा शब्दही राखायचा आणि तळंही राखायचं.”

बेबीने तिला सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी अगदी सावकाश. कुणाची जबरदस्ती नाही. पाणी नितळ राहिलं म्हणून फरक दिसत नाही. फरक दिसत नाही म्हणून सिमेंट येणार. इथे, तिथे, सगळीकडे. उन्हाळा संपायला थोडेच दिवस राहिलेत, पण एवढ्या उन्हात तेवढे दिवसही पुरतील. खरं पाणी सोडलं तरच.

गल्लीतले बाकीचे आता जवळ येऊन उभे राहिले होते.

“म्हणजे आम्ही तळं वाचवलं, म्हणून तळं जाणार,” मावशी म्हणाली.

“हो.”

“आणि घाण केलं तर राहणार.”

“बहुतेक.”

“बहुतेक?”

खात्री बेबीला तरी कुठे होती? पुढच्या वर्षी खड्डे परत सुरू केले की तळं पुन्हा निवळेल, असं तिला वाटत होतं. खंड्या परत येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं. नगरपालिका शब्द पाळेल की नाही हेही माहीत नव्हतं. तिने ते सगळं तसंच सांगून टाकलं.

मावशी उठली. लॉन्ड्रीवाल्याच्या मागच्या दारात सकाळच्या धुण्याचा टब तसाच पडला होता, राखाडी, वर फेसाची साय धरलेला. मावशीने त्याच्याकडे बोट दाखवलं.

“आमच्याच्याने ते होत नाही, बेबी. दोनदा प्रयत्न केला, हात पुढे जात नाही. तू ओत. तू तुझ्या हाताने ओतलंस, तर आम्हाला कळेल की तुला खरंच हेच हवंय. मग आम्ही ओतू.”

लॉन्ड्रीवाल्याने टबातून एक बादली भरून तिच्या हातात दिली. ती जड होती. काका खुर्चीतून उठले, घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बेबी काठापर्यंत गेली. पाणी इतकं स्वच्छ होतं, की तिला आपले पाय, बादली आणि तळाचे दगड सगळं एकदम दिसत होतं. आपण वर्षानुवर्षं ज्यासाठी झिजलो ते हे पाणी, हे तिला दिसत होतं. तळं बिघडावं असं मागावं की बिघडू नये असं, हे काही केल्या तिला कळेना. कुणीतरी मागून येऊन बादली काढून घेईल असं तिला वाटलं. कुणी आलं नाही. तिने बादली तिरपी केली.

राखाडी पाणी तळाकडे उतरत गेलं. मासे झटकन बाजूला झाले. बेबी रिकामी बादली धरून रडायला लागली, अगदी लहान मुलासारखी, आवाज काढून.

मग लॉन्ड्रीवाला टब फरफटत घेऊन आला. शेजारपाजारचे घराघरात गेले आणि आपापल्या मोरीतलं पाणी घेऊन आले. शिंपीणकाकूंनी आपली बादली काठावर टेकवली, थोडंसं पाणी सोडलं, आणि बाकीचं घेऊन हळूच मागे वळल्या.

मावशीने त्यांना पाहिलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, ती पदराने पुसत ती म्हणाली, “नीट ओत गं. अर्धवट कामाचा तिला उपयोग नाही.”

शिंपीणकाकू परत फिरल्या आणि त्यांनी बादली पालथी केली.